मंदावते, थांबत नाही : एका कात्रणाचे वाचन

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर धाकट्या बहिणीने तबक खाली ठेवले आणि ओवाळणीच्या पाकिटाकडे न बघता मोबाइल माझ्यापुढे धरला. "दादा, हे वाच. पुण्यात निघालंय म्हणं. आपल्याला मिळंल का?"

पडद्यावर एका मराठी कात्रणाचे छायाचित्र होते. कडेची पट्टी कापली गेली असल्याने ना तारीख होती, ना वर्तमानपत्राचे नाव. भाच्याच्या कुठल्याशा गटावर फिरत फिरत ते आष्टीला पोचले होते आणि आष्टीहून बहिणीबरोबर कड्याला आले होते. पुण्यातील शास्त्रज्ञांना सापडलेल्या एका प्रथिनाने उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगाची वाढ रोखली, त्यामुळे या रोगावर लवकरच मात करता येईल, असा त्याचा आशय. प्रथिनाचे नाव दिले होते : एसएमएआर-वन. उंदीर किती होते, कोणते होते, त्यांना गाठ कशी झाली, यातले काही नव्हते.

बहिणीचे ऑपरेशन नगरला होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. मग सलाइनमधून दिलेले डोस झाले, शेक झाले, केस गेले, परत आले. प्रश्न विचारताना तिचा आवाज भाजीचा भाव विचारावा तसा होता. मीच गडबडलो. "वाचून सांगतो," असे म्हणालो आणि ओवाळणीचे पाकीट पुढे केले.

वाचून सांगतो म्हणणाऱ्याची लायकी काय, हे आधी सांगायला हवे. मी कड्यात तीस वर्षे मराठी शिकवले. संशोधन म्हणून जे काही केले ते हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत. एकाच ग्रंथाच्या दोन-चार पोथ्या समोर ठेवायच्या, लेखकूने कुठे शब्द गाळला, कुठे पदरचा घातला, कुठे न कळलेल्या शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द बसवला, हे शोधायचे. जीवशास्त्राशी संबंध बारावीला तुटला. पुण्यात जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या पुतणीने मूळ शोधनिबंध मिळवून दिले आणि अडलेल्या जागा समजावल्या. पण जसजसा वाचत गेलो तसतसे लक्षात आले की समोरचे काम आपल्या ओळखीचे आहे. मूळ संहिता एक, तिची शीर्षके दुसरी, कात्रण तिसरे आणि बहिणीच्या मनातले वाक्य चौथे. प्रत्येक टप्प्यावर लेखकूने हात फिरवलेला.

योगायोग असा की या विषयातला कळीचा शब्दही आमच्याच धंद्यातला निघाला. इंग्रजीत ज्याला ट्रान्स्क्रिप्शन म्हणतात त्याला मराठी जीवशास्त्राने 'प्रतिलेखन' म्हटले आहे. पेशीच्या केंद्रकात डीएनएची पोथी असते. ती बाहेर काढायची नसते. हव्या त्या पानाची नक्कल उतरवून घ्यायची आणि त्या नकलेबरहुकूम प्रथिन तयार करायचे. नक्कल उतरवणारा लेखकू निराळा. ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणजे त्याच्या शेजारी बसून कोणते पान उघडायचे आणि कोणते बांधून ठेवायचे हे सांगणारे प्रथिन. यकृताच्या आणि डोळ्याच्या पेशीत पोथी एकच, तरी यकृत यकृत होते आणि डोळा डोळा, याचे बरेचसे श्रेय या शेजारी बसणाऱ्यांचे. कर्करोगात हीच बैठक बिघडते. वाढीचे पान सारखे उघडले जाते, 'थांब' म्हणणारे पान बांधलेले राहते. तेव्हा असा एखादा घटक परत आणून बसवला तर गाठ मंदावेल का, हा प्रश्न कोणाही शहाण्या माणसाला सुचेल असाच आहे.

पुण्यातले काम राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले, गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात ही संस्था आहे. समित चट्टोपाध्याय यांच्या गटाने एसएमएआर-वनवर तेथे बरीच वर्षे काम केले. २००० साली या प्रथिनाची ओळख प्रथम प्रसिद्ध झाली, तीही कर्करोगाच्या संदर्भात नव्हे. ते सापडले उंदराच्या थायमस ग्रंथीत. २००३ साली 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये आलेल्या निबंधाच्या शीर्षकात मात्र उंदीर आले, गाठ आली आणि एक क्रियापद आले. त्या क्रियापदाचा मराठी अर्थ 'लांबणीवर टाकते', 'उशीर करते' असा होतो. हे प्रथिन पी-५३ या प्रसिद्ध गाठरोधक प्रथिनाशी थेट जोडले जाते, पेशीचे विभाजन एका टप्प्यावर रेंगाळवते आणि उंदरांमध्ये गाठीची वाढ लांबवते, असे शीर्षक सांगते. पी-५३ ला शास्त्रज्ञ जनुकसंचाचा रखवालदार म्हणतात. एसएमएआर-वन या रखवालदाराला जागे ठेवणारे, असे समजायला हरकत नाही.

क्रियापद प्रामाणिक आहे. शीर्षकात 'रोखते' नाही, 'बरे करते' तर नाहीच. पण पाठचिकित्सेची सवय असलेला माणूस शीर्षकावर थांबत नाही. आत शिरल्यावर कळते की त्या उंदरांना झालेली गाठ स्तनाची नव्हती. ती मेलॅनोमाची, म्हणजे त्वचेतील रंगद्रव्याच्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगाची होती. अशा पेशी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवलेल्या असतात. काही पेशींमध्ये बशीतच एसएमएआर-वन जास्त बनेल अशी व्यवस्था करायची, काही तशाच ठेवायच्या, आणि दोन्ही प्रकारच्या पेशी उंदरांना टोचून कोणाची गाठ कधी आणि केवढी होते ते बघायचे.

मग कात्रणातला स्तन आला कुठून? तो २००७ च्या 'प्लॉस वन'मधील निबंधातून आला असणार. तेथे याच गटाने दाखवले की माणसांच्या स्तनाचा कर्करोग जसजसा पुढच्या टप्प्याला जातो तसतसे त्या गाठींतले एसएमएआर-वन झपाट्याने कमी होते. त्याच वेळी सायक्लिन डी-वन हे पेशीला विभाजनाकडे ढकलणारे प्रथिन वाढलेले असते. एसएमएआर-वन सायक्लिन डी-वनचे पान बांधून ठेवते, हे त्यांनी २००५ मध्येच मांडले होते. पेशींच्या स्थलांतराला आणि पसरण्यालाही ते आवर घालते, असा २००७ च्या निबंधाचा दावा आहे. शिवाय या प्रथिनाचे जनुक सोळाव्या गुणसूत्राच्या ज्या टोकाला आहे तो भाग स्तनाच्या कर्करोगात अनेकदा गळून गेलेला आढळतो. पुरावा मोलाचा आहे, यात शंका नाही. पण तो मुख्यतः माणसांच्या गाठींच्या नमुन्यांवर आणि पेशींवर उभा आहे. एका निबंधातले उंदीर आणि दुसऱ्या निबंधातला स्तन यांचे लग्न कात्रणाने परस्पर लावून दिले. आमच्या परिभाषेत याला संमिश्र पाठ म्हणतात : दोन पोथ्यांतल्या दोन अर्ध्या ओळी जोडून, कोणत्याच पोथीत नसलेली तिसरी ओळ.

एवढ्यावर कात्रणकर्त्याला दोष देऊन मोकळे होता आले असते. पण मूळ प्रयोगालाही काही प्रश्न विचारले पाहिजेत, आणि ते विचारायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

पहिला प्रश्न, प्रथिन गाठीत केव्हा शिरले? वर सांगितलेल्या रचनेत ते गाठ होण्यापूर्वी, बशीतच शिरलेले असते. म्हणजे तुलना होते ती जन्मतःच वेसण घातलेल्या पेशींची आणि मोकळ्या पेशींची. माझ्या बहिणीच्या बाबतीत क्रम उलटा होता. गाठ आधी होती, डॉक्टर नंतर आले. तिच्या अंगात कुठे चुकार पेशी उरल्याच असतील, तर त्या प्रत्येकीच्या केंद्रकात जाऊन हे प्रथिन बसवून येईल अशी सुई आज कुठेच नाही. प्रयोग विचारतो की या प्रथिनात गाठ मंदावण्याची ताकद आहे का. बहीण विचारते की ही ताकद मला मिळेल का. दोन्ही प्रश्न खरे आहेत. फक्त एकाचे उत्तर दुसऱ्याला देऊन चालत नाही.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. टोचलेल्या गाठीची लांबी आणि रुंदी साधारणतः कॅलिपरने मोजतात, सोनाराच्या दुकानात असतो तसल्याच, आणि सूत्रात घालून आकारमान काढतात. दर दोन-चार दिवसांनी आकडा मांडला की दोन रेषा मिळतात, एक चढी आणि एक तिच्या खालून जाणारी. 'मंदावते' हे क्रियापद या दोन रेषांमधल्या फटीचे नाव आहे. गाठ ठरावीक आकाराची झाली की प्राण्याचे हाल होऊ नयेत म्हणून त्याला मारावे, असे नियम असतात, त्यामुळे असे प्रयोग आठवड्यांतच संपतात. खालची रेषा पुढे कुठे गेली असती हे आलेखात दिसत नाही. कागद तिथे संपतो.

आता आणखी एक पाठभेद, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुरस. एसएमएआर-वनला दुसरे नाव आहे : बॅन्प. याच नावाने २०२१ साली 'नेचर'मध्ये स्वित्झर्लंडमधील बासेलच्या एका गटाचा निबंध आला. पोथीत 'सीजीसीजी' अशी एक अक्षरओळ जागोजागी येते. तिला कोण वाचते हे कोणाला माहीत नव्हते. तो वाचक म्हणजे बॅन्प, असे या गटाने दाखवले. पण त्यांच्या वाचनात हे प्रथिन पाने बांधणारे नाही. ते पाने उघडणारे आहे, आणि तीही पेशीला जगायला आवश्यक असलेल्या चयापचयाची पाने. पुण्याच्या निबंधांत ज्याचे मुख्य काम दाबून ठेवणे, त्याचेच बासेलच्या निबंधात मुख्य काम जागे करणे. नाव वेगळे असल्याने सामान्य वाचकाला हे दोघे एकच आहेत हेही कळू नये.

यातले कोण खोटे, असे विचारण्याची घाई मी करणार नाही. एकच प्रथिन एका जागी दाबते आणि दुसऱ्या जागी चेतवते, याची उदाहरणे जीवशास्त्रात विपुल आहेत. पण 'गाठरोधक' हे विशेषण एकदा नावामागे चिकटले की त्या प्रथिनाची उरलेली कामे वाचकाच्या नजरेआड होतात. मराठी समीक्षेत आपण एखाद्याला ग्रामीण कवी म्हणून टाकतो आणि मग त्याच्या प्रेमकविता कोणी वाचत नाही, तसेच. पेशीला जगवणाऱ्या पानांशीही ज्याचा संबंध आहे त्याला औषध म्हणून वापरायचे, तर प्रश्न किती गुंतागुंतीचा होईल, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही समजते.

पुतणीने एक दिवस विचारले, "काका, उंदरांपासूनच सुरुवात करायची होती, तर कमल रणदिव्यांपासून का नाही केलीत?" मला लाज वाटली. मी तोवर कमल रणदिवे आणि कमला सोहोनी यांच्यात गल्लत करत होतो. (सोहोनी म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, जीवरसायनशास्त्रज्ञ. ही गल्लत करणारे मला पुढे बरेच भेटले, त्यात दोन प्राध्यापक होते.) कमल रणदिवे माहेरच्या समर्थ, १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या. हुजूरपागा, फर्ग्युसन, मग पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली एम.एस्सी. त्या पदवीसाठी त्यांनी घेतलेला विषय वाचून मी पुस्तक मिटून गच्चीवर गेलो : ॲनोनेसी कुळातील वनस्पतींचे पेशीआनुवंशिकीशास्त्र. ॲनोनेसी म्हणजे सीताफळाचे कुळ. आमच्या बीड जिल्ह्याच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. बालाघाटाच्या उतारांवर ते न लावता येते आणि दिवाळीच्या आसपास कड्याच्या रस्त्यावर पाट्यांनी विकले जाते. स्तनाच्या कर्करोगावर भारतात पहिल्यांदा गंभीरपणे उंदीर पाळणाऱ्या बाईंनी आधी सीताफळाची गुणसूत्रे मोजली होती.

हा योगायोग मला सुखावणारा वाटला, तोवर बहिणीच्या स्वयंपाकघरात त्याच कुळातले लक्ष्मणफळ निघाले. कोणीतरी त्याच्या पानांचा काढा सांगितला होता. कर्करोगावर केमोपेक्षा भारी, असा निरोप त्याच गटावर, त्याच भाच्याकडून. या कुळातील काही रसायने बशीतल्या कर्कपेशींना मारतात हे खरे आहे. बशीतल्या पेशी मारणे फार अवघड नसते, आणि त्याच रसायनांचा चेतापेशींनाही धोका असू शकतो असे इशारे संशोधकांनी दिलेले आहेत. सीताफळाच्या बियांची पूड आमच्याकडे उवा मारायला वापरतात. ती डोळ्यात जाऊ नये म्हणून आई डोक्याला घट्ट फडके बांधायची. म्हणून कोणी ती पूड खात नाही.

रणदिवे मुंबईला गेल्या, टाटा रुग्णालयात आणि पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात व. रा. खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी काम केले. १९४९ साली त्यांना मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. त्याआधी, १९४७ साली, खानोलकरांसह त्यांनी प्रसिद्ध केलेला निबंध मला या संपूर्ण वाचनातला सर्वांत समंजस मजकूर वाटतो. स्तनाच्या कर्करोगाला कमी-अधिक बळी पडणारे उंदरांचे चार वाण त्यांनी घेतले, आणि पाहिले काय, तर त्यांच्या निरोगी स्तनग्रंथी. गाठ होण्यापूर्वी या ग्रंथींत काही फरक असतो का, हा प्रश्न. त्यात कोणते क्रियापद मिरवत नाही. काही रोखलेले नाही, लांबवलेले नाही. फक्त तुलना आहे.

शिवाय त्या काळच्या उंदरांना गाठ टोचलेली नसे. ती त्यांची त्यांना होई. अमेरिकेत जॉन बिटनर याने १९३६ साली दाखवले होते की गाठींचे प्रमाण जास्त असलेल्या वाणाची पिल्ले जन्मल्याबरोबर दुसऱ्या वाणाच्या दाईखाली पाजायला दिली, तर मोठेपणी त्यांच्यातील गाठी खूप कमी होतात. दोष रक्तात जेवढा होता तेवढाच दुधात होता. दुधातला तो घटक पुढे विषाणू निघाला. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांच्या या तिपेडी गुंत्यावर रणदिव्यांनी पुढची कितीतरी वर्षे घालवली. मधल्या काळात त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडून पेशीसंवर्धन शिकून आल्या आणि मुंबईत त्याची प्रयोगशाळा उभी केली. १९८२ साली पद्मभूषण मिळाले. उतारवयात, १९८९ मध्ये, त्या अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करत होत्या. आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यात इतक्या जवळ येऊन गेलेल्या बाईंचे नाव आम्हा मराठीच्या मास्तरांना ठाऊक नसावे, हा दोष फक्त विज्ञान शिकवणाऱ्यांचा नाही. चरित्र आणि आत्मचरित्र यांवर आम्ही ढिगाने प्रबंध लिहिले, शोधनिबंध हाही एक गद्यप्रकार आहे याकडे मात्र पाहिले नाही.

उंदराच्या वाक्यातून 'उंदीर' हा शब्द गळला की काय होते, याचेही मुंबईतच घडलेले एक उदाहरण आहे. पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आहे हे टाटाच्या डॉक्टरांच्या लक्षात आले होते. १९७१ साली 'नेचर'मध्ये अमेरिकन आणि मुंबईच्या संशोधकांचा एक संयुक्त निबंध आला. मुंबईकरांत सत्यवती सिरसाट आणि पेमास्टर होते. पारशी स्त्रियांच्या दुधात उंदराच्या त्या विषाणूसारखे दिसणारे कण आढळले, असे त्यात होते. निबंधाचा विषय 'शोध' असा होता, 'सापडला' असा नव्हता. तरी लगेच चर्चा सुरू झाली ती ज्या घराण्यात हा रोग आहे तेथील आईने मुलीला अंगावर पाजावे की नाही याची. त्या कणांचा माणसातल्या रोगाशी संबंध पुढे प्रस्थापित झाला नाही. उंदराच्या दुधाबद्दलचे एक नेमके वाक्य माणसाच्या दुधावर पडले होते, एवढेच.

त्या विषाणूची गोष्ट तेथे संपली नाही. १९८२ साली नुसे आणि वार्मस यांनी दाखवले की तो उंदराच्या पोथीत स्वतःची पाने शिवतो आणि शेजारचे एक पान भलत्या वेळी उघडले जाते. मग संशोधकांनी या चोरालाच कामाला लावले. विषाणूची स्तनग्रंथीत पान उघडण्याची किल्ली काढून घ्यायची आणि तिला हवे ते जनुक जोडून उंदीर जन्माला घालायचा. १९९२ साली अशा रीतीने तयार झालेल्या एका वाणात माद्यांच्या स्तनांमध्ये काही आठवड्यांत गाठी उठतात आणि त्या फुप्फुसापर्यंत पसरतात. जोडलेले जनुक दुसऱ्या एका विषाणूचे, उंदरांमध्येच आढळणाऱ्या. स्त्रियांच्या गाठीत ते नसते. तरीही गाठीची पायरीपायरीने होणारी वाटचाल माणसातल्यासारखी दिसते, म्हणून हा उंदीर जगभर वापरला जातो.

ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, उंदीर आणि स्तनाची गाठ या तिन्ही गोष्टी खरोखर एका ठिकाणी आणणारा प्रयोग हवा असेल, तर २००८ साली 'कॅन्सर सेल'मध्ये आलेला, झीना वर्ब यांच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगशाळेतला निबंध वाचावा. तिथला घटक गाटा-थ्री. दूधवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींना 'तू कोण आहेस' हे सांगणारा. गाठ साधी असते तोवर तो असतो, ती आक्रमक होऊ लागली की नाहीसा होतो. या मंडळींनी पुढे गेलेल्या गाठीत तो परत घातला. क्रम लक्षात घ्या : गाठ आधी, घटक नंतर. माझ्या पहिल्या प्रश्नाचे समाधान होते ते इथे. गाठीतल्या पेशी काही प्रमाणात पुन्हा शहाण्यासारख्या दिसू लागल्या आणि त्यांचे पसरणे दबले. निबंधाचे क्रियापद 'पसरणे दाबते' असे आहे, 'वाढ थांबते' असे नाही. वाढणे आणि पसरणे यांत जीव जाण्याइतका फरक आहे, कारण स्तनाच्या कर्करोगात माणूस बहुधा मरतो तो पसरल्यामुळे.

पण मला या निबंधात भावली ती दुसरीच जागा. सुरुवातीच्या गाठीतून त्यांनी गाटा-थ्री काढूनही पाहिला. चांगला घटक काढला, म्हणजे गाठ बिथरायला हवी, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात शहाण्या पेशी मेल्या. नुसता घटक गेल्याने गाठ वाईट होत नाही; ती वाईट होते कारण तो मुळातच नसलेल्या पेशींचा जथा वाढत जातो. लेखकांनी हे लपवले नाही, सारांशातच लिहिले. स्वतःच्या गोष्टीची सरळ रेघ मोडणारे वाक्य सारांशात ठेवणारा लेखक मला विश्वासाचा वाटतो.

तर मराठीत काय लिहावे? 'रोखते' हा शब्द कात्रणात होता. रोखणे म्हणजे पुढे पाऊल पडू न देणे. 'आटोक्यात आणते' म्हटले तर आग विझत आल्याचा भास होतो. 'खुंटते' हा झाडाचा शब्द, खुंटलेले पुन्हा वाढत नाही असे आपण धरून चालतो. 'रेंगाळते' जवळ जाते, पण त्यात खोडकरपणा आहे. मला 'मंदावते' बरा वाटतो. वारा मंदावतो, पाऊस मंदावतो, आणि पुन्हा सुरू होऊ शकतो हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. पण क्रियापद एकटे पुरत नाही. कोणत्या वाणाच्या उंदरात, टोचलेली की आपोआप झालेली गाठ, घटक आधी दिला की नंतर, किती दिवस पाहिले, हे चार शब्दप्रयोग वाक्यात बसवायला एखादी ओळ जास्त लागते. रकान्यात जागा नसते, हे मी ऐकून आहे. त्याच रकान्यात कर्करोगावर मात करण्याला मात्र जागा मिळाली होती.

आणि 'कर्करोग' या शब्दाचे ओझे आमच्या जिल्ह्यात काही निराळेच आहे. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढल्याचे पुढे आले. त्यांतल्या अनेकींनी सांगितले की पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल अशी भीती त्यांना घालण्यात आली होती. आष्टी तालुक्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात. त्या ट्रॅक्टरवर बसलेल्या बायकांसाठी हा शब्द रोगाचे नाव उरलेला नाही, तो धाक आहे. जिथे एका शब्दाने अवयव काढता येतो, तिथे दुसऱ्या शब्दाने औषध बंदही करता येते. हे मला कळायला मार्गशीर्ष उजाडला.

मार्गशीर्षात मी आष्टीला गेलो. सगळे वाचून झाले होते, आणि तिला सांगायचे काय ते ठरत नव्हते. तिची फाइल मागितली. त्यात ईआर पॉझिटिव्ह असे लिहिलेले होते. ईआर म्हणजे इस्ट्रोजेनचा रिसेप्टर. हा रिसेप्टर स्वतःच एक ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर आहे. इस्ट्रोजेन येऊन त्याला चिकटले की तो पोथीजवळ जाऊन बसतो आणि वाढीची पाने उघडायला सांगतो. स्त्रियांमधल्या निम्म्याहून अधिक गाठी याच्या हुकमावर चालतात. उंदरांच्या बहुतेक गाठी तशा नसतात. १८९६ साली स्कॉटलंडच्या बीट्सनने काही स्त्रियांचे अंडाशय काढले आणि त्यांच्या स्तनातील गाठी आक्रसल्या. का, ते त्याला कळणे शक्य नव्हते. (अंडाशय, पिशवी नव्हे. पिशवीचा स्तनातल्या गाठीशी असा संबंध नाही.) आज अंडाशय न काढता ते काम करणारी गोळी आहे, टॅमॉक्सिफेन. ती त्या रिसेप्टरच्या जागेवर जाऊन बसते आणि स्तनात त्याला पान उघडू देत नाही. १९७० च्या दशकापासून ती वापरात आहे. तिची परीक्षा उंदरांपाशी थांबलेली नाही. हजारो स्त्रियांवर, वर्षानुवर्षे झालेली आहे.

फाइलमध्ये ती लिहिलेली होती. रोज एक, पाच वर्षे.

"गोळी घेतेस ना?" मी विचारले.

ती चुलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बंद केलीय. दिवाळीच्या आधीपास्नं." अंगाची आग व्हायची, रात्री घामाने भिजायची, झोप नाही. "आन् म्हटलं, नवं निघालंय तर जुनी कशाला खायची."

म्हणजे भाऊबीजेला तिने मला विचारले तेव्हा गोळी आधीच बंद होती. प्रश्न औषध मिळेल का असा नव्हताच. बंद केले ते बरोबर केले का, असा होता. मी मात्र दीड महिना क्रियापदे तपासत बसलो होतो.

मी तिला उंदरांचे काही सांगितले नाही. रिसेप्टरचे सांगितले. पुण्याच्या त्या निबंधात जी जात आहे, पानं उघडणाऱ्या-बांधणाऱ्यांची, त्याच जातीतल्या एकाला ही गोळी धरून ठेवते, एवढे सांगितले. ती म्हणाली, "मंग आपल्याकडं हायेच की ते." दुसऱ्या दिवशी नगरला तिच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रागावण्याऐवजी घामाची तक्रार ऐकून घेतली, त्यावर काय करता येईल ते सांगितले आणि गोळी पुन्हा सुरू केली. येताना आष्टीच्या रेल्वेत बसलो. ही गाडी सुरू झाल्यापासून तिला नगरच्या खेपा सोप्या झाल्या आहेत. वाटेत तिने भाच्याला फोन करून गटावर टाकायला सांगितले की ते कात्रण जुने आहे. त्याने टाकले की नाही ते माहीत नाही.

तिच्या स्वयंपाकघरात आता दिनदर्शिकेवर रोज रात्री एक पेन्सिलची टिंब पडते. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा मोजली, दोन दिवस सुटले होते. विचारले तर म्हणाली, त्या दिवशी कांदा भरायला गेले होते, घेतली होती, टिंब द्यायची राहिली.